अमेरिकेतले तरुण कुणाला मत देतात, आणि का?

तरुणांना तरुण चेहरा भावतो, असं आपण सहज धरून चालतो. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकांचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो. १९८४ मध्ये तिशीच्या आतल्या मतदारांनी भरभरून मतं दिली ती ७३ वर्षांच्या रोनाल्ड रेगन यांना. २०१६ मध्ये कॉलेजच्या मुलामुलींची ज्यांच्या सभांना गर्दी लोटत होती, ते बर्नी सँडर्स ७४ वर्षांचे होते. २०२० मध्ये ७७ वर्षांच्या जो बायडन यांना १८ ते २९ या वयोगटातली सुमारे ६० टक्के मतं पडली. चार वर्षांनी, त्यांच्याहून किती तरी लहान, नुकतीच साठी गाठलेल्या कमला हॅरिस यांचा त्याच वयोगटातला वाटा ५४ टक्क्यांच्या आसपास आला. त्याच काळात ७८ वर्षांचे डोनाल्ड ट्रम्प ३६ वरून ४३ टक्क्यांवर पोचले होते.

या आकड्यांवरून नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘तरुण पिढी उजवीकडे वळली’ असे मथळे झळकले. (ट्रम्प यांचा रिपब्लिकन पक्ष उजवा, तर बायडन-हॅरिस यांचा डेमोक्रॅटिक पक्ष डावीकडे झुकलेला मानला जातो.) वर्ष सरायच्या आत ‘तरुण ट्रम्प यांच्यावर नाराज’ असे मथळे आले. इतक्या लवकर मतं बदलणारी ही पिढी चंचल आहे का? मला तसं वाटत नाही. दोन्ही मथळ्यांमागे एकच कारण आहे, आणि ते समजून घ्यायचं तर थोडं मागून सुरुवात करावी लागते.

मतदान गुप्त असतं, मग हे आकडे येतात कुठून?

मतपत्रिकेवर कुणी वय लिहीत नाही. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना, किंवा घरून आधीच मत पाठवलेल्यांना फोन करून, ‘कुणाला मत दिलंत, वय काय, शिक्षण काय’ असं विचारलं जातं. हा एक्झिट पोल. वरचे आकडे त्यातलेच आहेत. २०२४ मधल्या दुसऱ्या एका मोठ्या पाहणीत हॅरिस यांची तरुणांमधली आघाडी याहूनही कमी, जेमतेम चार-पाच टक्क्यांची निघाली होती. म्हणून नेमक्या टक्क्यावर भांडत बसण्यात अर्थ नाही. दिशा काय आणि बदल किती मोठा, एवढंच या आकड्यांतून विश्वासाने घेता येतं.

आणखी एक फरक ध्यानात ठेवायला हवा. आपल्याकडे राष्ट्रपती आमदार-खासदारांच्या मतांनी निवडले जातात आणि आपण मत देतो ते आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला. अमेरिकेत मतपत्रिकेवर थेट अध्यक्षपदाच्या उमेदवाराचं नाव असतं. त्यामुळे पक्षाइतकाच माणूस तोलला जातो, आणि ज्याची पक्षाशी गाठ अजून सैल आहे त्याच्यासाठी तर माणूसच जास्त.

‘तरुण म्हणजे डावेच’ हे खरं का नाही?

अमेरिकेत मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं ते १९७१ च्या २६व्या घटनादुरुस्तीने. (आपल्याकडे हाच बदल १९८९ मध्ये झाला.) व्हिएतनाम युद्धात अठरा-एकोणीस वर्षांची मुलं सक्तीने पाठवली जात होती; लढायला चालतं तर मत द्यायला का नाही, हा प्रश्न टाळणं अशक्य झालं होतं. पुढच्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉर्ज मॅकगव्हर्न युद्ध थांबवण्याच्या वचनावर उभे राहिले. नवे मतदार लाटेसारखे येतील, अशी त्यांच्या गोटाची आशा होती. लाट आली नाही. तरुणांची मतं दोघांत जवळपास समान वाटली गेली आणि रिचर्ड निक्सन ५० पैकी ४९ राज्यं जिंकले. आंदोलनात दिसणारे तरुण आणि मतदान केंद्रावर येणारे तरुण हे दोन वेगळे गट असतात, हे तेव्हाच दिसलं होतं. कारखान्यात जाणारा, शेतात राबणारा, चर्चला नेमाने जाणारा वीस वर्षांचा मुलगा टीव्हीवर दिसत नव्हता. पण मत त्यालाही होतं.

१९८४ चं उदाहरण तर फारच बोलकं आहे. त्या वर्षी पंचविशीत असलेल्याला काय आठवत असेल? शाळेत असताना वॉटरगेटचा घोटाळा, ज्यात निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला. मग पेट्रोल पंपांवरच्या रांगा. १९८० मध्ये १३ टक्क्यांच्या वर गेलेली महागाई. इराणमध्ये ४४४ दिवस ओलीस राहिलेले अमेरिकन अधिकारी. यातली महागाई आणि ओलीस प्रकरण डेमोक्रॅट जिमी कार्टर यांच्या काळातलं. त्यानंतर रेगन आले, त्यांच्याही पहिल्या दोन वर्षांत बेकारी वाढून १० टक्क्यांच्या वर गेली, पण १९८४ उजाडेपर्यंत अर्थव्यवस्था जोरात धावू लागली होती. नोकरी शोधायच्या वयातल्या मुलांनी हा फरक स्वतः अनुभवला. तिशीच्या आतल्या जवळपास ५९ टक्क्यांनी त्यांना मत दिलं. त्यांच्या समोरचे वॉल्टर माँडेल ५६ वर्षांचे, म्हणजे तब्बल सतरा वर्षांनी लहान होते. त्याचा त्यांना काडीचा उपयोग झाला नाही.

२००० मध्ये डेमोक्रॅट अल गोर आणि रिपब्लिकन जॉर्ज बुश यांच्यात तरुणांची मतं पुन्हा जवळपास समसमान पडली. मग आठ वर्षांत इराकचं युद्ध झालं, ते लांबत गेलं, आणि सप्टेंबर २००८ मध्ये लेमन ब्रदर्स ही बडी बँक कोसळून नोकऱ्यांची दारं धडाधड बंद झाली. सत्तेत रिपब्लिकन होते. दोन महिन्यांनी डेमोक्रॅट बराक ओबामा यांना तिशीच्या आतली ६६ टक्के मतं मिळाली.

१९८४ आणि २००८ शेजारी ठेवून पाहा. एका वेळी उजवा, एका वेळी डावा. पण तरुणांचं वागणं दोन्ही वेळा सारखंच. ज्यांच्या कारभारात आपलं आयुष्य सुरू होताना अडखळलं, त्यांना त्यांनी नाकारलं.

पक्षाशी नातं जुळायला वेळ लागतो

राज्यशास्त्राचे अभ्यासक ‘पक्षनिष्ठा’ म्हणतात ती गोष्ट अगदी साधी आहे: उमेदवार कोण हे न पाहताही ‘आपण अमुक पक्षाचे’ असं वाटणं. ही निष्ठा वर्षानुवर्षं त्याच पक्षाला मत देत घट्ट होते. तीस वर्षं एकाच वाण्याकडे महिन्याचं सामान भरणारं कुटुंब तूरडाळ दोन रुपयांनी महागली म्हणून दुकान बदलत नाही. खातं आहे, ओळख आहे, अडीनडीला उधार मिळतं. गावाहून शिकायला आलेला मुलगा मात्र आज या दुकानात, उद्या त्या दुकानात. भाव, अंतर आणि वागणूक यांपलीकडे त्याला कशाचंच बंधन नाही.

अमेरिकेतले तिशीच्या आतले बरेच मतदार स्वतःला ना डेमोक्रॅट म्हणवतात ना रिपब्लिकन. म्हणून वारं फिरलं की सगळ्यांत मोठा हेलकावा याच वयोगटात दिसतो. २०१६ मध्ये ट्रम्प यांचा तरुणांमधला वाटा ३६-३७ टक्के होता, म्हणजे आधीच्या निवडणुकीत रिपब्लिकन मिट रॉम्नी यांना मिळाला होता तेवढाच. पण हिलरी क्लिंटन यांना ओबामांची ६० टक्के टिकवता आली नाहीत, त्या ५५ वर राहिल्या. फरकाची बरीचशी मतं तिसऱ्या-चौथ्या पक्षाच्या उमेदवारांकडे गेली. ‘हा नको आणि तीही नको’ असं ठरवून मत वाया घालवायचं धाडस पन्नाशीतला पक्षनिष्ठ माणूस सहसा करत नाही.

चौदा ते चोवीस

मग ही निष्ठा ठरते कधी? यावर यायर गित्झा आणि अँड्र्यू गेलमन या संशोधकांनी सहकाऱ्यांसह मोठं काम केलं आहे. अनेक दशकांच्या पाहण्या तपासून त्यांनी दाखवलं, की राजकीय घटनांचा ठसा सर्वांत खोल उमटतो तो साधारण १४ ते २४ या वयात, आणि अठराच्या आसपास त्याचा जोर सर्वाधिक असतो. चाळिशीत पाहिलेल्या अध्यक्षाचा कारभार तेवढा आत जात नाही.

आज तिशीच्या आत असलेल्यांनी त्या वयात काय पाहिलं, ते आठवून पाहा. शाळेत गोळीबार झाला तर बाकाखाली कसं लपायचं याच्या तालमी. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १७ जणांचा जीव गेला आणि वाचलेली मुलंच रस्त्यावर उतरली. कोविडमध्ये बंद पडलेल्या शाळा. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा देशव्यापी हक्क काढून घेतला. त्याच महिन्यात महागाई ९.१ टक्क्यांवर गेली. घरकर्जाचा दर, जो २०२१ मध्ये ३ टक्क्यांच्या आसपास होता, २०२३ मध्ये ७ टक्के ओलांडून गेला. यातल्या काही गोष्टी माणसाला एका पक्षाकडे ढकलतात, काही दुसऱ्याकडे. कोणती गोष्ट कुणाच्या आयुष्याला जास्त भिडली, यावर मत ठरतं.

‘पण वय वाढलं की माणूस परंपरावादी होतोच ना?’

हा आक्षेप हमखास येतो. घर, कर्ज, मुलंबाळं आली की माणूस सावध होतो, हे काही अंशी बरोबर आहे. पण फक्त वयानेच उजवीकडे जायचं असतं, तर सर्वांत म्हातारे मतदार सर्वांत उजवे दिसले असते. २०२४ च्या एक्झिट पोलमध्ये तसं दिसलं नाही. पासष्टीच्या पुढच्यांमध्ये ट्रम्प आणि हॅरिस यांच्यात एकाच टक्क्याचा फरक होता. ट्रम्प यांची आघाडी सर्वांत मोठी होती ती ४५ ते ६४ या गटात: ५४ विरुद्ध ४४. या गटातले बहुतेक जण रेगन यांच्या काळात किशोरवयात किंवा विशीत होते. चाळीस वर्षांपूर्वीचा तो ठसा अजून पुरता पुसलेला नाही, असंच यातून दिसतं.

मग तरुण एखाद्याच उमेदवारामागे का धावतात?

सँडर्स यांच्याकडे परत येऊ. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवण्यासाठीसुद्धा मतदान होतं. त्याला प्रायमरी म्हणतात. २०१६ मध्ये सँडर्स डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी क्लिंटन यांच्याविरुद्ध उभे होते. त्या वर्षीच्या प्रायमरींमध्ये त्यांना तिशीच्या आतली जितकी मतं मिळाली, तितकी क्लिंटन आणि ट्रम्प या दोघांना मिळूनही मिळाली नाहीत. त्यांच्याकडे ना तरुण चेहरा होता, ना गोड बोलणं. दोन गोष्टी होत्या. पहिली: सरकारी कॉलेजांची फी रद्द करू, सगळ्यांना सरकारी आरोग्य विमा देऊ, अशी वचनं थेट या वयाच्या खिशाला भिडणारी होती. अमेरिकेत शैक्षणिक कर्जाचा डोंगर १.६ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेला आहे आणि ते चार कोटींहून जास्त लोकांच्या डोक्यावर आहे. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: ते अनेक दशकं तेच बोलत आले होते. नव्या मतदाराकडे राजकारण्याला पारखायला फारसा अनुभव नसतो, म्हणून बोलण्यातलं सातत्य तो फार बारकाईने पाहतो.

वचन दिलं आणि पदरात पडलं नाही, की हाच मतदार तितक्याच लवकर दुरावतो. बायडन यांनी १० हजार डॉलरपर्यंत, आणि गरीब घरांतल्या मुलांसाठी २० हजारांपर्यंत कर्ज माफ करण्याची योजना आणली. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. पुढे इतर योजनांतून पन्नास लाखांच्या आसपास लोकांचं कर्ज माफ झालं, पण वाट पाहत बसलेल्या बाकीच्यांना उरली ती निराशा. न्यायालयाने अडवलं हे खरं, तरी हप्ता भरणाऱ्याला कारण कुणाचंही असो, हप्ता तोच.

२०२४ मध्ये याच्या जोडीला गाझाचं युद्ध आलं. कोलंबियासह अनेक विद्यापीठांच्या आवारांत तंबू उभे राहिले, आणि इस्रायलला शस्त्रं देणाऱ्या सरकारची उपाध्यक्ष म्हणून हॅरिस यांना त्याचं उत्तर द्यावं लागलं. ही नाराजी खरी आणि तीव्र होती. तरीही एकूण पाहता तरुण मतदारांसाठी सर्वांत मोठा मुद्दा अर्थव्यवस्था आणि रोजगार हाच होता. बेकारी ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे कमी होती, हे सरकार सांगत राहिलं. पण पहिल्यांदाच स्वतःचं घरभाडं भरणाऱ्याला बेकारीचा दर दिसत नाही, भाडं दिसतं. कारभार ज्यांच्या हातात, राग त्यांच्यावर. १९८० चे कार्टर आणि २००८ मधला बुश यांचा पक्ष यांनी जे भोगलं, तेच हॅरिस यांच्या वाट्याला आलं.

‘तरुण’ नावाचा एकच गट नसतो

इथे सगळ्यांत मोठी गफलत होते. २०१२ आणि २०१६, दोन्ही वेळा तरुण गोऱ्या मतदारांमध्ये रिपब्लिकन उमेदवारच पुढे होता. तरुणांचा एकूण कौल डेमोक्रॅट दिसतो, त्याचं एक कारण असं की या पिढीत कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई वंशाच्या मतदारांचं प्रमाण आजोबांच्या पिढीपेक्षा बरंच जास्त आहे.

त्यातच आता स्त्री-पुरुषांमधली दरी रुंदावली आहे. २०२४ मध्ये तरुण स्त्रियांचा स्पष्ट कल हॅरिस यांच्याकडे होता; तरुण पुरुषांमध्ये ट्रम्प एका पाहणीत काठावर, दुसरीत चांगल्याच फरकाने पुढे निघाले. गर्भपाताचा प्रश्न हे एक कारण. शिक्षण हे दुसरं: २५ ते ३४ वयातल्या ४७ टक्के स्त्रियांकडे पदवी आहे, पुरुषांमध्ये हे प्रमाण ३७ टक्के. पदवी नसलेल्या मुलासाठी चांगल्या पगाराची नोकरी आणि पुढे घरसंसार, हे वडिलांच्या काळापेक्षा लांबचं झालं आहे. त्याचं हे दुःख खरं आहे, आणि ते ऐकून घेणारा उमेदवार त्याला जवळचा वाटला तर त्यात नवल नाही.

ही फक्त अमेरिकेची गोष्ट नाही. दक्षिण कोरियाच्या २०२२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत विशीतल्या पुरुषांपैकी जवळपास ५९ टक्क्यांनी उजव्या युन सुक-योल यांना मत दिलं, आणि विशीतल्या ५८ टक्के स्त्रियांनी त्यांच्या विरोधातल्या ली जे-म्युंग यांना. वय एक, शाळा त्याच, परीक्षा त्याच. तरी कौल नेमका उलटा.

‘हे सगळं मोबाइलने केलं’

पूर्णपणे नाही. मोबाइलमुळे उमेदवार तरुणांपर्यंत पोचतो. पोचल्यावर पटतो की नाही, हे वेगळं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रम्प तरुण पुरुषांमध्ये लोकप्रिय असलेल्या जो रोगन यांच्या पॉडकास्टवर जवळपास तीन तास बोलत बसले. हॅरिसही तरुण स्त्रियांमध्ये लोकप्रिय असलेल्या एका पॉडकास्टवर गेल्या. ज्याला बातम्या पाहायच्याच नाहीत त्याला उमेदवार व्यायाम करताना, गाडी चालवताना कानावर पडला. ट्रम्प यांना याचा फायदा झाला, याबद्दल मला शंका नाही. पण महागाईची चीड आधीच साचलेली नसती, तर त्या तीन तासांनी एवढी मतं हलली असती असं मला वाटत नाही.

‘तरुण मतदानालाच येत नाहीत, मग एवढी चर्चा कशाला?’

येतात, पण कमी येतात. २०२० च्या विक्रमी मतदानातसुद्धा १८ ते २४ वयातल्या सुमारे ५१ टक्के नागरिकांनी मत दिलं. ६५ ते ७४ वयात हे प्रमाण ७६ टक्के होतं. याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. मतदान मंगळवारी, म्हणजे कामाच्या दिवशी असतं. तो दिवस १८४५ च्या कायद्याने ठरला आहे. अनेक राज्यांत नाव स्वतः नोंदवावं लागतं आणि घर बदललं की पुन्हा. विशीतला माणूस घर सतत बदलत असतो. टेक्सासमध्ये पिस्तूल बाळगण्याचा परवाना ओळखपत्र म्हणून चालतो, विद्यापीठाचं ओळखपत्र चालत नाही. त्यात पक्षांचे कार्यकर्तेही आधी दार ठोठावतात ते नेहमी मत देणाऱ्यांचं. ज्याने कधी मत दिलं नाही त्याच्याकडे कुणी जात नाही, आणि कुणी आलं नाही म्हणून तोही जात नाही.

म्हणूनच ‘तरुणांचा पाठिंबा’ म्हणताना दोन गोष्टी पाहायला हव्यात: किती जणांनी पसंत केलं, आणि त्यातले किती घराबाहेर पडले. २००८ मध्ये ओबामांना दोन्ही मिळालं. सँडर्स २०२० मध्ये पुन्हा उभे राहिले तेव्हा तरुणांची पसंती त्यांनाच होती; पण मोठ्या संख्येने रांगेत उभे राहिले ते वयस्कर मतदार, आणि उमेदवारी बायडन यांना मिळाली.

अमेरिकेतल्या मराठी घरांतही याचा एक विलक्षण पैलू दिसतो. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं ताटकळणाऱ्या आईवडिलांना मत नाही. तिथेच जन्मलेल्या त्यांच्या मुलीला मात्र अठरावं लागताच मिळतं. घरातलं पहिलं मत देणारी तीच. पक्षनिष्ठेचा घरचा वारसाच नसल्याने उमेदवारांना ती अगदी कोऱ्या नजरेने पाहते.

पुढे काय?

२०२५ मध्ये महागाई आणि भाडी हा प्रश्न ट्रम्प यांच्या गळ्यात आला, आणि त्या वर्षीच्या पाहण्यांमध्ये तरुणांमधली त्यांची लोकप्रियता ठळकपणे घसरली. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या निवडणुकीत ३४ वर्षांचे झोहरान ममदानी जिंकले; तिशीच्या आतल्या साधारण तीन चतुर्थांश मतदारांनी त्यांना मत दिलं. ही अध्यक्षीय निवडणूक नव्हती, शहरही मुळातच डेमोक्रॅट. पण त्यांचा प्रचार लक्षात ठेवण्यासारखा होता: भाडं-नियंत्रणाखालच्या सुमारे दहा लाख घरांची भाडी गोठवू, बस फुकट करू, बालसंगोपनाचा खर्च सरकार उचलेल. नेमकं काय मिळणार, हे ऐकणाऱ्याला एका वाक्यात कळत होतं.

२०२८ मध्ये ट्रम्प यांना घटनेनुसार पुन्हा उभं राहता येणार नाही. २०२४ मध्ये अठराव्या वर्षी ज्यांनी त्यांना पाहून रिपब्लिकन पक्षाला पहिलं मत दिलं, ते तरुण तेव्हा बाविशीत असतील. संशोधकांनी सांगितलेल्या ठशाच्या वयातून ते अजून बाहेर पडलेले नसतील. त्यांच्याबरोबर रांगेत असतील २०१० मध्ये जन्मलेली मुलं, ज्यांची दहावी-अकरावी-बारावीची वर्षं सगळी ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत गेली.